सलीम अली उंटावरून फ्लेमिंगोंच्या ‘शहरात’ का गेले होते?

ठाणे खाडीत किंवा जायकवाडीच्या नाथसागरावर फ्लेमिंगो, म्हणजेच रोहित पक्षी, दिसतात. पण त्यांची घरटी तिथे का नसतात? याचं उत्तर डॉ. सलीम अलींच्या आयुष्यात सापडतं.

१८९६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या सलीम यांचे आईवडील लवकर गेले. मामांनी त्यांना वाढवलं. छर्‍याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखता येईना, म्हणून ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचेच झाले. पुढे विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणीशास्त्र विभागातली नोकरी हुकली. १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीममध्ये त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला.

१९४५ मध्ये ते उंटावरून कच्छच्या मोठ्या रणात पोहोचले. हे रण म्हणजे गाळाने भरलेला समुद्राचा जुना फाटा. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं. त्या चिखलात रोहितांची मातीची असंख्य घरटी होती. पक्ष्यांचा त्यांचा अंदाज होता सुमारे ५ लाख!

म्हणजे आपल्याकडे हे पक्षी येतात ते पोट भरायला. भारतात त्यांची वीण होते ती कच्छसारख्या मोजक्या जागी.

सलीम अली १९८७ मध्ये गेले. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. पण रण बिघडलं, तर खाडी जपूनही रोहित टिकतीलच असं नाही.