चांगदेवांचे कोरे पत्र आणि मुक्ताई

मनात संशय असताना देवाचे नाव घेणे हे ढोंग नव्हे काय, असा प्रश्न कीर्तनानंतर आम्हांस वारंवार विचारला जातो. महाशिवरात्रीच्या पर्वकाळी आम्ही त्याचे उत्तर तापी-पूर्णेच्या संगमावर शोधतो. दीपनगरहून महामार्गाने पूर्वेस निघाले, की वरणगावापुढे मुक्ताईनगर लागते. तेथे मुक्ताईचे स्थान आहे आणि जवळच संगमावर चांगदेवांचे मंदिर.

मुक्ताईचा जन्म परंपरेनुसार शके १२०१, म्हणजे इ. स. १२७९ मधला. चार भावंडांत ती धाकटी. संन्याशाची पोरे म्हणून समाजाने त्यांना दूर लोटले. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि लेकरे उघडी पडली. लोकनिंदेने व्यथित होऊन प्रत्यक्ष ज्ञानदेवांनी एकदा पर्णकुटीची ताटी लावून घेतली, तेव्हा दाराशी उभे राहून त्यांची समजूत घातली ती या धाकट्या बहिणीने. थोरांच्याही मनावर मळभ येते. ते दूर करणारे मायेचे माणूस मात्र दाराशी असावे लागते.

चांगदेवांची गोष्ट निराळी. चौदाशे वर्षे काळाला चुकविणारा हा योगी, अशी त्यांची ख्याती. ज्ञानदेवांना पत्र लिहावयास ते बसले आणि मायन्यापाशीच अडले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? निर्णय होईना. अखेरीस त्यांनी कोरेच पत्र धाडले. इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताईने हसून म्हटल्याचे परंपरा सांगते. परंतु त्याच कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. पुढे वाघावर बसून आलेल्या चांगदेवांचा उरलासुरला ताठा गळाला आणि त्यांनी बालवयाच्या मुक्ताईस गुरू केले.

पण गुरूचीही परीक्षा उरलीच होती. इ. स. १२९६ च्या कार्तिकात आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली, पुढच्याच महिन्यात सासवडला सोपानदेवांनी. पोरक्या मुक्ताईचे सारे विश्व ते भाऊच होते. त्या वियोगाने तिचे काळीज हलले नसेल, असे आम्ही म्हणणार नाही. तरीही तिने विठ्ठलाचा हात सोडला नाही. निवृत्तिनाथांसमवेत ती तापीतीरी आली आणि शके १२१९ च्या वैशाखात, अवघ्या अठराव्या वर्षी, विजेच्या लखलखाटात स्वरूपी लीन झाली.

सज्जनहो, घरात आजारपण असते, नवसाला फळ येत नाही, देव ऐकतो की नाही हेच कळेनासे होते. अशा वेळी मायना सुचला नाही तरी चालेल. पत्र मात्र धाडावे. संशय लपवून गोड शब्द लिहिण्यापेक्षा कोरे मन देवापुढे ठेवणे, हाही भावच आहे. संशयात सापडलेल्या चांगदेवांनी पत्रच धाडले नसते, तर त्यांना मुक्ताई भेटली असती काय?