काळकर्ते परांजपे आणि दहा हजारांचा जामीन

पुण्याचे 'काळ' साप्ताहिक १९१० मध्ये बंद पडले. संपादकाच्या तुरुंगवासाने जे साधले नव्हते, ते सरकारने मागितलेल्या दहा हजार रुपयांच्या जामिनाने साधले.

'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांचा जन्म २७ जून १८६४ रोजी महाड येथे झाला. संस्कृतचे हे व्यासंगी पंडित काही काळ पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात अध्यापक होते. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी राजद्रोहाचे कलम अधिक कडक करण्यात आले. अशा धास्तीच्या दिवसांत, २५ मार्च १८९८ रोजी 'काळ' निघाला. स्वातंत्र्याचा उघड पुरस्कार करणे धोक्याचे असल्याने परांजपे यांनी वक्रोक्ती आणि उपरोध ही शस्त्रे परजली. वरवर राज्यकर्त्यांची स्तुती, आत जळजळीत निषेध! वाचकाला मर्म उमगे. कायद्याच्या चिमटीत मात्र ते सहजी सापडत नसे.

१९०८ मध्ये सरकारने त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. न्यायालयाने त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा ठोठावली. त्याच जुलै महिन्यात टिळकांनाही सहा वर्षांची शिक्षा झाली. परांजपे १९०९ मध्ये सुटले. पण १९१० चा मुद्रण कायदा त्यांची वाटच पाहत होता. या कायद्यानुसार जामीन मागण्यापूर्वी न्यायालयात गुन्हा सिद्ध करण्याची गरज नव्हती. मजकूर आक्षेपार्ह वाटला, की प्रांतिक सरकार ती रक्कम जप्त करू शके. तुटपुंज्या भांडवलावर चालणाऱ्या देशी पत्रांना हा फासच होता.

परांजपे यांची लेखणी मात्र थांबली नाही. १९२० मध्ये त्यांनी 'स्वराज्य' साप्ताहिक काढले. मुळशी सत्याग्रहात त्यांनी पुन्हा कारावास भोगला. १९२९ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवून, त्याच वर्षी २७ सप्टेंबरला त्यांनी जगाचा निरोप घेतला. 'काळा'तील निबंधांच्या संग्रहांवरील सरकारी बंदी त्यांच्या हयातीत उठलीच नाही. देशी मंत्रिमंडळे अधिकारावर येऊ लागल्यानंतरच ती उठली.

१९१० चा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला, तरी जामिनाची कल्पना मेली नाही. १९३१ च्या कायद्यात ती परतली. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५१ मध्ये केलेल्या मुद्रणविषयक कायद्यातही न्यायालयामार्फत जामीन मागण्याची तरतूद होती. तो कायदा १९५६ पर्यंत टिकला. सत्तांतरानंतर जुने राज्यकर्ते जातात, त्यांची हत्यारे मात्र नव्यांनाही सोयीची वाटतात. परांजपे यांच्या चरित्राचे मोल म्हणूनच केवळ ऐतिहासिक नाही.