आधी ओळ, मग चौकट: ग्रिड शिकवणारे योझेफ म्युलर-ब्रोकमान

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. एका मित्राच्या दिवाळी अंकाची मांडणी करून द्यायचं मी कबूल केलं. रोज वेबसाइटचे ग्रिड लावतो, मग छापील अंकाला काय घाबरायचं, असा माझा हिशोब. तयार मिळणारा १२ कॉलमांचा ग्रिड उचलला, त्यात मजकूर ओतला, फोटो टाकले. स्क्रीनवर झकास दिसत होतं. छापलेला नमुना हातात आला आणि माझा चेहरा उतरला. अंक उघडल्यावर समोरासमोर येणारी दोन पानं, म्हणजे स्प्रेड, बघितलं तर डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ एकमेकींसमोर येतच नव्हत्या. एक जरा वर, दुसरी जरा खाली. फोटोची कड कुठे ओळीच्या पोटातून गेलेली, कुठे दोन ओळींच्या फटीत. कॉलम सगळे सरळ, तरी पान वाकडं.

चूक शोधता शोधता मी एका स्विस माणसाच्या पुस्तकापर्यंत पोचलो. योझेफ म्युलर-ब्रोकमान. डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असतं. आपण कोड लिहिणारे मात्र त्यांचीच कल्पना रोज वापरतो आणि नाव ऐकलेलं नसतं. म्हणून आज त्यांची गोष्ट, आणि तिच्यातून ग्रिड नेमका कसा बांधायचा ते.

एक दिवस टिकलेली नोकरी

योझेफचा जन्म ९ मे १९१४चा, स्वित्झर्लंडमधल्या रापर्सविल गावचा. झ्युरिकच्या तळ्याकाठचं हे छोटं गाव. शाळेत निबंध लिहायचा त्याला कंटाळा. म्हणून तो चार ओळी लिहायचा आणि उरलेली जागा चित्रांनी भरून काढायचा. शिक्षकांनी कान पिळायच्या ऐवजी त्यातलं कसब ओळखलं.

पुढे छापखान्यात फोटो रिटच करायचं काम शिकायला त्याला ठेवलं. तिथे तो एक दिवस टिकला; हे कलेचं काम नाही म्हणून बाहेर पडला. मग दोन वयस्कर वास्तुविशारदांकडे गेला, तिथे चार आठवडे. शेवटी त्याने टेलिफोन डिरेक्टरी उघडली आणि त्यात सापडतील त्या ग्राफिक डिझायनरांना गाठून ते नक्की काय करतात हे बघितलं. त्यानंतर झ्युरिकच्या कला-व्यवसाय शाळेत नाव घातलं. तिथे एर्न्स्ट केलर आणि आल्फ्रेड विलिमान हे शिक्षक भेटले. एका दिवसात नोकरी सोडणारा हा मुलगा पुढे शिस्तीचा मास्तर म्हणून ओळखला जाईल असं तेव्हा कुणाला वाटलं नसतं!

१९३६ साली त्यांनी झ्युरिकमध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. १९४३ मध्ये व्हायोलिनवादक व्हेरेना ब्रोकमान यांच्याशी लग्न झालं. बायकोचं माहेरचं आडनाव आपल्या आडनावाला जोडायची तिकडे पद्धत आहे, त्यामुळे योझेफ म्युलरचे ते म्युलर-ब्रोकमान झाले.

चालतं काम सोडलं

१९४०च्या दशकात ते ओळखले जायचे ते चित्रकार म्हणून. पुस्तकांची चित्रं, प्रदर्शनांची मांडणी, रंगमंचाची सजावट असं काम भरपूर होतं आणि नावही होतं. आणि १९५०च्या आसपास, वयाच्या पस्तिशीनंतर, त्यांनी स्वतःच्या कामाकडे कठोरपणे बघितलं. आपली चित्रं चांगली आहेत, पण पहिल्या दर्जाच्या चित्रकाराची नाहीत, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला. हळूहळू चित्रं काढणं बंद केलं आणि फोटो, अक्षरं आणि भूमिती एवढ्यावरच काम सुरू केलं.

मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात अवघड वाटतो. आपल्याला न जमणारी गोष्ट सोडणं सोपं असतं. जमणारी, पैसे देणारी गोष्ट सोडायची म्हणजे पोटात गोळा येतो.

नव्या पद्धतीचं काम लगेच दिसू लागलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला स्विस ऑटोमोबाइल क्लबसाठी त्यांनी रस्त्यावरच्या मुलांच्या सुरक्षेचं पोस्टर केलं. अंगावर येणारी अवाढव्य मोटारसायकल आणि तिच्यापुढे इवलासा धावणारा मुलगा. चित्र काढलेलंच नाही. दोन फोटोंच्या आकारातला फरक सगळं सांगून जातो.

झ्युरिकच्या टोनहाले या संगीतसभागृहासाठी त्यांनी वीसेक वर्षं पोस्टरं केली. त्यातलं १९५५चं बेथोव्हनचं पोस्टर जगभर गाजलं. स्वित्झर्लंडमध्ये पोस्टरचा आकार ठरलेला असतो, ९०.५ × १२८ सेंटिमीटर. त्यावर काळ्या कमानी एका केंद्राभोवती फिरतात. वर्तुळाचे ३२ सारखे भाग केलेत, म्हणजे प्रत्येक भाग ११.२५ अंशांचा, आणि कमानींच्या कडा त्याच कोनांवर थांबतात. कमानींची जाडी दुप्पट दुप्पट होत जाते. बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही, फक्त संगीत चढत गेल्यासारखं वाटतं. हिशोब आत आणि सूर बाहेर.

तीन भाषांचं मासिक

१९५८ मध्ये रिचर्ड पाउल लोझे, हान्स नॉयबुर्ग आणि कार्लो विवारेल्ली यांच्यासोबत त्यांनी 'नोये ग्राफिक' हे नियतकालिक सुरू केलं. चौघं संपादक आपल्या आडनावांची आद्याक्षरं जोडून एकत्र सही करायचे. १९६५ पर्यंत १८ अंक निघाले, शेवटचे दोन जोडअंक म्हणून.

विषय होता नवं ग्राफिक डिझाइन, पण आज लोक ते बघतात ते त्याच्या पानांसाठी. जवळजवळ चौरस पान, त्यावर चार कॉलम. नियतकालिक जर्मन, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन भाषांचं. मुखपृष्ठावर नावसुद्धा तिन्ही भाषांत. आता विचार करा. एकच गोष्ट सांगायला प्रत्येक भाषेला वेगळी जागा लागते. शिवाय सोबत पोस्टरांचे फोटो, काही उभे, काही आडवे, काही तिकिटाएवढे. प्रत्येक पान मनाने लावायचं म्हटलं तर अंक म्हणजे आठवडी बाजार झाला असता.

ग्रिडमुळे ते टळलं. मजकूर कुठल्याही भाषेतला असो, तो कॉलमच्या मापातच बसणार. फोटो एका कॉलमचा, दोन कॉलमांचा किंवा चारही कॉलमांचा. अडीच कॉलमांचा नाही. मोकळी जागासुद्धा कॉलमच्या मापात सुटणार. डावं आणि उजवं पान मिळून आठ कॉलमांचा एकच पट होतो आणि नजर त्यावरून अडखळल्याशिवाय जाते.

ग्रिड त्यांनी शोधून काढला असं मात्र नाही. आपले पोथ्या लिहिणारे लेखनिकही आधी ओळी आखूनच लिहायचे, आणि झ्युरिकमधले त्यांचे समकालीन त्याच वाटेवर होते. म्युलर-ब्रोकमान यांचं मोठेपण असं, की त्यांनी हे हातातलं कसब दुसऱ्याला शिकवता येईल अशा भाषेत मांडलं. १९५७ ते १९६० ते केलर यांच्या जागी झ्युरिकच्या त्याच शाळेत शिकवत होते.

१९६४

१९६४ मध्ये व्हेरेना एका रस्ते अपघातात गेल्या. ज्या माणसाने अकरा-बारा वर्षांपूर्वी वाहनांपासून मुलांना जपा म्हणून पोस्टर केलं होतं, त्याच्याच घरावर हे आलं. कुठल्याही चौकटीत बसवता येत नाहीत अशा गोष्टी आयुष्यात असतात, त्यातली ही.

त्याआधी, १९६० मध्ये, टोकियोच्या जागतिक डिझाइन परिषदेत त्यांचं भाषण झालं होतं. तिथे दुभाषी म्हणून काम करणाऱ्या शिझुको योशिकावा पुढे जर्मनीत उल्मला शिकल्या आणि मग त्यांच्या स्टुडिओत आल्या. १९६७ मध्ये दोघांनी लग्न केलं. योशिकावा पुढे स्वतः नावाजलेल्या चित्रकार झाल्या.

याच काळात ते आयबीएमच्या युरोपातल्या कामासाठी डिझाइन सल्लागार झाले. १९८०च्या सुमारास स्विस रेल्वेच्या स्टेशनांवरच्या पाट्यांची पद्धत ठरवण्याचं कामही त्यांच्याकडे आलं. कुठली पाटी कुठे, अक्षर किती मोठं, बाण कसा, हे एकदाच ठरवायचं आणि देशभर तेच पाळायचं. हाही ग्रिडच, फक्त कागदाऐवजी फलाटावर.

पुस्तक आणि त्यातली पहिली पायरी

१९८१ मध्ये, वयाच्या सदुसष्टीत, त्यांचं ग्रिडवरचं पुस्तक आलं. मजकूर जर्मन आणि इंग्रजीत शेजारी शेजारी. हेच पुस्तक मी दिवाळी अंकाच्या भानगडीत उघडलं आणि माझी चूक सापडली.

आपण वेबवाले ग्रिड म्हटलं की उभे कॉलम धरतो. २०१७च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत सीएसएस ग्रिड आला, त्यात आडव्या रांगाही आहेत. पण रांगेची उंची आपण बहुतेक वेळा आतल्या मजकुरावर सोडून देतो. स्क्रीन खाली सरकते, त्यामुळे ते खपून जातं. छापील पानाची उंची ठरलेली असते. तिथे म्युलर-ब्रोकमान यांची पद्धत उलटी आहे: आधी अक्षर आणि ओळींमधलं अंतर ठरवा. मग पानावर किती ओळी बसतात ते मोजा. मग त्या ओळींचे सारखे गट पाडा आणि दोन गटांमध्ये एक ओळ रिकामी सोडा. कॉलम आणि हे गट मिळून चौकोनी खाने तयार होतात. फोटो त्या खान्यांत बसतात, त्यामुळे त्यांच्या कडा आपोआप ओळींना भेटतात.

माझा हिशोब करून दाखवतो. ए-फोर पान, मजकुराची उंची ६६० पॉइंट, म्हणजे साधारण २३३ मिलिमीटर. इंग्रजीला ओळींचं अंतर १२ पॉइंट धरलं तर ५५ ओळी बसतात. चार रांगा करायच्या तर मध्ये तीन रिकाम्या ओळी. उरल्या ५२, म्हणजे प्रत्येक रांगेत १३ ओळी. एकदम चोख.

आता मराठी. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं. १० पॉइंटच्या अक्षराला मी १५ पॉइंट अंतर घेतलं. ६६० भागिले १५, झाल्या ४४ ओळी. तीन रिकाम्या वजा केल्या तर ४१, आणि ४१चे चार सारखे भाग होत नाहीत! माझं पान नेमकं इथे वाकडं झालं होतं. इंग्रजी मापाच्या चार रांगांत मी मराठी ओळी कोंबत होतो. पाच रांगा करून बघा: ४४ वजा ४ म्हणजे ४०, प्रत्येक रांगेत ८ ओळी. बसलं.

आडवं मापही असंच. डावी-उजवी मोकळी जागा सोडून १७५ मिलिमीटर रुंदी उरली. चार कॉलम आणि मध्ये ५ मिलिमीटरच्या तीन फटी धरल्या तर प्रत्येक कॉलम ४० मिलिमीटरचा. ते ओळीत साधारण सात ते दहा शब्द असावेत असं सुचवतात. मराठीचे चारच शब्द ४० मिलिमीटरमध्ये मावत होते, म्हणून लेख दोन कॉलम जोडून ८५ मिलिमीटरवर लावले आणि एकेरी कॉलम चौकटी आणि फोटोओळींना ठेवला. फोटोओळींचं अंतर १२ पॉइंट केलं, कारण १२च्या पाच ओळी आणि १५च्या चार ओळी दोन्ही ६०वर भेटतात.

एका प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नव्हतं. फोटोची वरची कड पहिल्या ओळीतल्या अक्षरांच्या डोक्याला लावा आणि खालची कड ओळीच्या बुडाला लावा, असं ते सांगतात. रोमन अक्षरांना ठीक आहे. देवनागरीचं डोकं कुठलं, शिरोरेषा की तिच्यावरची वेलांटी? मी दोन्ही करून बघितलं. वेलांटीला लावलं की फोटो वर उडाल्यासारखा दिसतो. शिरोरेषेला लावलं की फोटोची कड त्या रेषेचाच पुढचा भाग वाटते. आपल्या लिपीत डोळा शिरोरेषा धरूनच चालतो.

तीन रात्री जागून सगळी पानं पुन्हा लावली. अंक वसुबारसेला हातात आला.

म्युलर-ब्रोकमान ३० ऑगस्ट १९९६ रोजी गेले, वयाच्या ८२व्या वर्षी. ग्रिड लावला की डिझाइन चांगलं होणारच, असा दावा त्यांनी कधी केला नाही. ते मदतीचं साधन आहे, वापरायला शिकावं लागतं, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत होती.

घरात एखादं मासिक असेल तर मधलं पान उघडा आणि डाव्या पानावरच्या ओळीखाली पट्टी धरून ती उजव्या पानापर्यंत न्या. समोर ओळ सापडली, तर ते पान लावणाऱ्याने आधी ओळी मोजल्या असण्याची शक्यता मोठी आहे.