अलेक्झांडर सेलकर्क

रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट आमच्या बहुतेक बालवाचकांस ठाऊक असेलच. परंतु ज्याच्या वृत्तांतावरून ती सुचली असें मानतात, त्या अलेक्झांडर सेलकर्कचें चरित्रही तितकेंच बोधप्रद आहे.

हा तापट तरुण स्कॉटलंडांत १६७६ सालीं जन्मला. स्पेनशीं युद्ध चालू असतां शत्रूचीं गलबतें पकडण्याची सनद असलेल्या एका इंग्रजी जहाजावर तो चाकरीस होता. जहाज सडलें आहे असें म्हणून १७०४ सालीं तो कप्तानाशीं भांडला व चिलीजवळच्या एका निर्जन बेटावर उतरला. लागलीच त्यास पस्तावा झाला, पण त्याची विनवणी कप्तानानें ऐकिली नाहीं. पुढें तें जहाज खरोखरच बुडालें.

बेटावर स्पॅनिश लोकांनीं पूर्वीं सोडलेल्या बकऱ्या रानटी झाल्या होत्या. बंदुकीची दारू संपल्यावर सेलकर्क अनवाणी धांवून त्यांस पकडूं लागला. एकदां बकरीसह तो कड्यावरून कोसळला. ती अंगाखालीं सांपडून मेली, म्हणून तो वांचला. सुमारें ५०० बकऱ्या त्यानें मारल्या. तितक्याच कानास खूण करून सोडून दिल्या. कातड्यांचीं वस्त्रें आणि पवित्र शास्त्राचें वाचन, हाच त्याचा संसार.

१७०९ च्या फेब्रुवारींत वुड्स रॉजर्सचीं जहाजें तेथें आलीं. त्यांवरील कित्येक खलाशी स्कर्व्हीनें जर्जर झाले होते. सेलकर्कनें बकऱ्या पकडून त्यांस ताजें अन्न पुरविलें. १७२१ सालीं आरमाराच्या चाकरींत समुद्रावरच त्याचा अंत झाला.

संकटांत कमावलेलें कौशल्य परक्यांच्या प्राणरक्षणास उपयोगी पडलें, हेंच त्याच्या आयुष्याचें सार्थक होय असें आम्हांस वाटतें.