दादासाहेब फाळके: गेम ग्राफिक्स शिकायला निघालेल्यांसाठी एक आयुष्य

कन्सोलसाठी गेम बनवायचाय, पण ग्राफिक्सची सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न खूप जणांना पडतो. जालना असो, अंबड, परतूर किंवा भोकरदन, अडचण साधारण सारखीच असते. हातात फोन आहे, फार तर एक जुना लॅपटॉप आहे. प्लेस्टेशन किंवा स्विचचं डेव्हलपमेंट किट विकत मिळत नाही, ते कंपनीशी करार केलेल्या डेव्हलपरलाच मिळतं. मग वाटतं, हे आपलं काम नाही.

सॉफ्टवेअरची यादी या लेखात शेवटी दिली आहे. त्याआधी एका माणसाचं आयुष्य बघू. त्याच्या काळात भारतात त्या कामाचं सॉफ्टवेअर सोडा, दुकानसुद्धा नव्हतं. नाव तुम्हाला माहीत आहेच: धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके. त्यांना आपण भारतीय सिनेमाचे जनक म्हणून ओळखतो. पण ग्राफिक्स शिकणाऱ्यानं त्यांच्याकडे एक टूल शिकणारा माणूस म्हणून बघावं.

सिनेमाच्या आधीची पंचवीस वर्षं

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. १८८५ मध्ये फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला शिकले, मूर्तीकाम शिकले, फोटोग्राफी शिकले, फोटो धुणं आणि छापणंही शिकले.

मग पोटापाण्यासाठी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं. स्टुडिओ सुटला. नंतर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि 'प्रोफेसर केळफा' या नावानं प्रयोगही केले. फाळके उलटं वाचलं की केळफा! पुढे १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी धरली. तीही सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं काम केलं. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटलं नाही, म्हणून भरात आलेला छापखानाही सोडला.

वरवर बघितलं तर हे धरसोड करणाऱ्या माणसाचं आयुष्य वाटतं. पण नीट बघा. रंगीत लिथो छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो आणि सगळे रंग कागदावर एकमेकांवर तंतोतंत बसावे लागतात. एक दगड केसभर सरकला की चित्र बिघडतं. फोटोशॉप, गिम्प किंवा क्रिटामध्ये आपण लेयर म्हणतो, त्याच्याशी नातं सांगणारा हा विचार आहे. नाटकाचा पडदा म्हणजे गेममधलं बॅकग्राउंड. ड्राफ्ट्समनचं काम म्हणजे मोजमाप आणि पर्स्पेक्टिव्ह. जादू म्हणजे बघणाऱ्याची नजर कुठे आहे हे ओळखणं. चाळिशीपर्यंत फाळक्यांनी सिनेमा केला नव्हता, पण सिनेमाला लागणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट हातानं केली होती.

लंडनची वारी

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघितला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि त्यांच्या डोक्यात राम-कृष्ण फिरत होते. आपली गोष्ट अशी हलताना का दिसू नये, या विचारानं त्यांना पछाडलं. मिळतील ती पुस्तकं आणि कॅटलॉग जमवले, रोज सिनेमे बघितले, रात्र-रात्र जागून प्रयोग केले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली.

पैसे नव्हतेच. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये बोटीनं लंडन गाठलं. तिथे ओळख कुणाशी? कुणाशीच नाही. ते सरळ 'बायस्कोप' नावाच्या सिनेमा साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. संपादक केबर्न यांनी मदत केली, हेपवर्थ यांचा स्टुडिओ बघायला मिळाला. दोनेक आठवड्यांत जमेल तेवढं शिकून ते परतले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्ची फिल्म, एवढं सामान त्यांनी घेतलं.

कुंडीतला वाटाणा

परत आल्यावर त्यांनी लगेच मोठा सिनेमा सुरू केला नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला आणि ठरावीक अंतरानं एकेक फ्रेम घेत गेले. कित्येक दिवसांत होणारी वाढ पडद्यावर थोड्या वेळात झाली. बी फुटली, कोंब वर आला, वेल चढला. 'अंकुराची वाढ' ही छोटीशी फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं.

गेमच्या धंद्यात याला प्रोटोटाइप म्हणतात. तीस लेव्हलचा गेम डोक्यात असला तरी आधी एक लेव्हल, एक पात्र आणि एक उडी पूर्ण करून दाखवायची. वाटाण्याला नट लागत नाही, सेट लागत नाही, पगार लागत नाही. पण कॅमेरा नीट चालतो का, उजेड सारखा राहतो का, फिल्म धुताना बिघडते का, हे सगळं त्यात तपासून होतं. नवशिक्यानं पहिला विषय असाच निवडावा.

घरातली पाइपलाइन

मग 'राजा हरिश्चंद्र' सुरू झाला. त्या वेळी सिनेमात काम करायला बायका मिळेनात, म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषानं केली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके आणि रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. काम सहा-सात महिने चाललं. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसमोर आला.

या कामात एक नाव नेहमी मागे राहतं, ते म्हणजे सरस्वतीबाई फाळके, त्यांच्या दुसऱ्या पत्नी. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडावी लागत, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम त्या करत. फिल्म धुण्यात त्यांचा हात होता, आणि युनिटमधल्या सगळ्या माणसांचं जेवणखाणही त्याच बघत. घरचे दागिनेही या कामासाठी गेले.

आज गेम बनवताना चित्र काढणं हा एक भाग असतो. मॉडेलचा टेक्स्चर नीट गुंडाळणं, फाइलींना शिस्तीत नावं देणं, इंजिनला चालेल अशा फॉरमॅटमध्ये एक्स्पोर्ट करणं, मेमरीत बसेल इतकं लहान करणं, हे सगळं भोकं पाडण्यासारखंच अंधारातलं काम आहे. ते दिसत नाही, पण ते नसेल तर पडद्यावर काहीच हलत नाही. तुमच्या गेमच्या शेवटी नावं येतील तेव्हा हे काम करणाऱ्याचं नाव विसरू नका.

लेयर, मास्क आणि आगकाड्या

फाळक्यांनी पुढे नाशिकला मुक्काम हलवला आणि तिथे कामाचा धडाका लावला. 'लंकादहन' १९१७ चा, 'श्रीकृष्ण जन्म' १९१८ चा, 'कालिया मर्दन' १९१९ चा. 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंक्यांनीच केले. ही युक्ती गेमवाल्यांनाही चांगली ठाऊक आहे. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ढग आणि झुडपं यांचा आकार एकच आहे, फक्त रंग वेगळा. मेमरी कमी होती, म्हणून एकच चित्र दोनदा वापरलं.

फाळक्यांचे चमत्कार म्हणजे कॅमेऱ्यातली करामत. दुहेरी चित्रीकरणात फ्रेमचा काही भाग झाकायचा, फिल्म फिरवायची, मग ती मागे नेऊन झाकलेल्या भागावर दुसरं दृश्य घ्यायचं. झाकलेला भाग म्हणजे आजचा मास्क, आणि दोन वेळा फिरवलेली फिल्म म्हणजे दोन लेयर. फरक इतकाच की त्यांच्याकडे अनडू नव्हतं. चुकलं की फिल्म गेली.

१९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' ही लघुफिल्म केली. काड्या थोड्या हलवायच्या, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायच्या. गेममधलं पात्र चालतं तेही असंच. चालण्याची आठ चित्रं काढायची आणि ती फिरवत राहायची. आठच्या जागी चार काढली तर चाल अडखळते, पण जुन्या कन्सोलवर तेवढ्यावरही भागतं.

यंत्र बदललं तेव्हा

१४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' हा बोलपट केला. तो त्यांचा शेवटचा सिनेमा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला त्यांचं निधन झालं. सुमारे ९५ चित्रपट आणि बऱ्याच लघुफिल्म करणारा माणूस शेवटच्या काळात धंद्याच्या बाहेर होता. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये.

हा भाग कडू आहे, पण तो वगळायचा नाही. ज्या माणसानं पाच-सहा यंत्रं एकामागून एक शिकली, तोही शेवटच्या यंत्रापाशी मागे पडला. भांडवल, वय, नवे स्टुडिओ, कारणं बरीच होती. पण आपल्यासाठी अर्थ स्पष्ट आहे. टूल बदलणारच. आज तुम्ही शिकताय ते सॉफ्टवेअर दहा वर्षांनी कदाचित नसेल. टिकतं ते वेगळं: उजेड-सावलीची समज, हालचालीचं टायमिंग, कमी जागेत जास्त दाखवण्याची सवय. बटण कुठे आहे यापेक्षा ते का दाबायचं, हे शिका.

मग सुरुवात कुठून?

पहिला वाटाणा गेम बॉयच्या कुंडीत पेरा. १९८९ चा हा हातातला कन्सोल. स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेल, छटा फक्त चार, आणि चित्रं ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांची, म्हणजे टाइलची. हलणाऱ्या पात्राला तर तीनच छटा, कारण चौथी पारदर्शक धरली जाते. 'जीबी स्टुडिओ' हे फुकट सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं आणि खऱ्या गेम बॉयवर चालेल अशी फाइल बनवून देतं. करार नको, किट नको.

पिक्सेल चित्रांसाठी 'पिक्सेलोरामा' फुकट आहे आणि ब्राउझरमध्येही उघडतं. फक्त फोन असेल तर 'पिक्सेल स्टुडिओ' ॲपवर सराव करा. रंगवायला 'क्रिटा', थ्रीडीला 'ब्लेंडर', दोन्ही फुकट. 'गोडो' इंजिनचा एडिटर अँड्रॉइडवरही मिळतो. पुढे स्विच, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सकडे जायचं ठरलं तर नोंदणी आणि करार लागेल, पण चित्रं आणि मॉडेल तेव्हाही याच टूलमध्ये, साध्या कॉम्प्युटरवरच बनतात.

या आठवड्यात एवढंच करा: १६ बाय १६ पिक्सेलचं एक पात्र, चालण्याच्या चार फ्रेम, मागे एक पडदा. ते गेममध्ये टाका आणि मित्राच्या हातात द्या. तो न विचारता दोन मिनिटं खेळत राहिला, तर तुमचा कोंब वर आला म्हणायचं.