दोन वाजता उठवणारे

जूनच्या शेवटी निकाल लागला आणि माझा एक पेपर राहिला. नोकरी सांभाळून इथे लंडनमध्ये अर्धवेळ मास्टर्स करतोय. लेक झोपली की दहाला लॅपटॉप उघडायचा. अकराला भानावर येतो तेव्हा हातात मोबाइल असतो आणि त्यात क्रिकेटचे हायलाइट्स. दिवसभर कोड लिहून डोकं भणभणलेलं असतं, हे कारण स्वतःलाच देऊन झालं होतं. पुण्याला आईला मात्र निकालाचं सांगितलं नव्हतं.

जुलैतल्या एका रविवारी बायकोने हट्टाने प्रिमरोज हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडला नेलं. तिथल्या १० नंबरच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर विकत घेतलं, आता स्मारक आहे. सहा वर्षं या शहरात राहून मी तिथे पहिल्यांदाच गेलो, हे लिहायला लाज वाटते.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ ला परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. थोडी मदत शाहू महाराजांची, थोडं कर्ज नवल भथेना या पारशी मित्राचं, आणि १९२० मध्ये पुन्हा बोट धरली. मागे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशात संसार ओढत होत्या. इथे दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, तेही दुपारच्या जेवणाला चाट देऊन. संध्याकाळी खोलीवर परत आलं की पुन्हा पुस्तकं. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजायचे, कपभर काहीतरी गरम प्यायचं आणि पुढे पहाटेपर्यंत वाचन. खोलीत सोबत राहणारा मध्येच जागा होऊन झोपायला सांगे. त्यावर बाबासाहेबांचं उत्तर असे की जास्त दिवस राहायला पैसे नाहीत, तेव्हा शिक्षण लवकर उरकायला हवं.

आपण याला एकाग्रता म्हणतो. मला तो हिशेब वाटला. महिना वाढला की खर्च वाढणार, आणि तो भागवायला कुणी नाही.

पण ही सवय लंडनची नव्हे, परळच्या चाळीतली. एकच खोली, त्यातच स्वयंपाक, जातं, सरपण, शेळीसुद्धा. दिवसा अभ्यास शक्यच नव्हता. वडील रामजी सुभेदार, फौजेतून पेन्शनवर आलेले. त्यांनी तोड काढली. भीमाने लवकर झोपायचं, वडिलांनी दोनपर्यंत जागायचं, मग त्याला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवं व्हायचं. घर शांत, घासलेटचा मिणमिणता दिवा आणि मुलगा वाचतोय. १९०७ मध्ये तो एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजी गेले. त्याच वर्षी मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला, ते त्यांना बघायला मिळालं नाही.

घरी येताना ट्यूबमध्ये माझ्या डोक्यात रामजीच होते. रोज रात्री दोनपर्यंत जागायचं, तेसुद्धा दुसऱ्याच्या अभ्यासासाठी!

आणखी एक गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा डीएस्सीचा प्रबंधही पहिल्या फेरीत मान्य झाला नव्हता. परीक्षकांनी पुन्हा लिहायला सांगितलं. पैसे संपले होते, म्हणून १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, तिथून सुधारून पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळाली. माझा एक राहिलेला पेपर आणि तो प्रबंध यांची तुलना करण्याइतका मी खुळा नाही. तरी त्या रात्री आईला फोन करून निकाल सांगून टाकला.

ती रागावली नाही. फेरपरीक्षा कधी, एवढंच विचारलं. ऑगस्टच्या शेवटी, म्हटलं. मग मी तिला परळच्या खोलीचं सांगितलं. आता मी लेकीबरोबर साडेआठलाच झोपतो, मोबाइल बाहेर पॅसेजमध्ये ठेवून. इथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसहा झालेले असतात. आई चहा टाकते आणि फोन लावते. मी पॅसेजमध्ये जाऊन तो उचलेपर्यंत ठेवत नाही.