सहाव्या मुलाचा वाटा मागत फिरलेले विनोबा

गावात एखाद्याकडे शंभर एकर बागायत आणि शेजारच्या वस्तीवर वीस घरांना मिळून एक गुंठाही नाही, असं चित्र नवीन नाही. श्रीमंतांनी समाजासाठी आपला वाटा उचलला पाहिजे, हेही सगळेच बोलतात. पण तो वाटा किती, मागायचा कुणी आणि दिला नाही तर काय, इथं गाडी अडते. या प्रश्नाचा हिशोब पायी चालून मांडणारा एक मराठी माणूस होऊन गेला. त्यांचं नाव आचार्य विनोबा भावे.

विनोबांचं मूळ नाव विनायक नरहर भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता, आज रायगड. आई रुक्मिणीबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण घरातली खरी शाळा त्यांचीच. झाडाचा फणस पिकला की आधी शेजारपाजारी गरे वाटायचे, मग घरच्यांनी खायचे, अशी शिस्त. जो देतो तो देव आणि जो राखून ठेवतो तो राक्षस, असा आईचा सरळ हिशोब होता. तो विनूच्या डोक्यात जन्मभर राहिला.

वडील नोकरीनिमित्त बडोद्याला असल्याने शिक्षण तिकडे झालं. गणितात हुशार, पण नोकरीसाठी शिकायचं मनात नव्हतं. शाळेचे दाखले आणि प्रमाणपत्रं त्यांनी आईसमोर चुलीत घातली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेलाच उतरले आणि काशीला गेले. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादजवळ कोचरबच्या आश्रमात गांधीजींची भेट झाली आणि आयुष्याची दिशा ठरली.

१९२१ साली ते वर्ध्याला आले. सूतकताई, शेती, संडाससफाई, अध्ययन यात वर्षं गेली. गीतेचा सोप्या मराठीत 'गीताई' हा अनुवाद त्यांनी केला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. १९३८ मध्ये धाम नदीकाठी पवनारला मुक्काम हलवला. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली. तोवर देशातल्या बऱ्याच लोकांना हे नाव माहीत नव्हतं.

पोचमपल्लीची संध्याकाळ

१९५१ साली हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबा पवनारहून पायीच गेले. तेव्हा तेलंगणात जमिनीवरून रक्त सांडत होतं. मोठमोठे जमीनदार एकीकडे, कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली हत्यार उचललेले शेतमजूर दुसरीकडे आणि मध्ये पोलीस. संमेलन संपल्यावर विनोबा मोटारीने परत न येता त्याच भागातून चालत निघाले.

१८ एप्रिल १९५१ रोजी ते नळगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्ली गावात पोहोचले. दलित वस्तीत लोकांनी एकच गाऱ्हाणं मांडलं, कसायला जमीन नाही. किती लागेल विचारल्यावर ८० एकरांचा आकडा आला, ४० बागायत आणि ४० जिरायत. सरकारकडे अर्ज करावा, असं विनोबांच्या आधी मनात आलं. पण अर्ज कधी हलणार, याचा भरवसा कुणाला? म्हणून त्यांनी जमलेल्या गावालाच विचारलं की तुमच्यातलं कुणी काही करू शकेल का. तेव्हा रामचंद्र रेड्डी हे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर द्यायचं जाहीर केलं. वडिलांचीही तशी इच्छा होती, हे त्यांनी सांगितलं.

मागितलं त्यापेक्षा जास्त मिळालं. त्या रात्री विनोबांना झोप आली नाही. एका गावात हे होऊ शकतं तर दुसऱ्या गावात का नाही? दुसऱ्या दिवसापासून ते गावोगाव जमीन मागत निघाले. तेलंगणात ५१ दिवसांत सुमारे १२ हजार एकर जमीन मिळाली. याच चळवळीला भूदान म्हणतात.

भीक नव्हे, हक्काचा वाटा

विनोबांची मागण्याची तऱ्हा वेगळी होती. घरात पाच मुलं असतील तर मला सहावा मुलगा समजा आणि माझी वाटणी द्या, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे जमिनीचा सहावा हिस्सा. बापाच्या जमिनीवर मुलाचा हक्क असतो, तसा भूमिहीनाचाही आहे, असं ते मानत. म्हणून दान या शब्दाचा अर्थ ते उपकार असा न घेता सम विभागणी असा घेत.

शेकडो एकरांच्या धन्याने एखादा एकर पुढे केला तर ते तो घ्यायला नकार देत. उलट दोन-चार एकरांच्या गरीब शेतकऱ्याने काही गुंठे दिले तर आदराने घेत. यावर टीका झाली की गरिबाकडून कशाला घेता. पण गरिबाने दिल्यावर श्रीमंताला तोंड लपवता येत नाही, हे विनोबांना पक्कं ठाऊक होतं.

ज्यांच्याकडे जमीन नसून पैसा होता, त्यांच्यासाठी संपत्तीदान काढलं. त्यातही मिळकतीचा सहावा हिस्सा. गंमत अशी की विनोबा त्या पैशाला हात लावत नसत. पैसा देणाऱ्याकडेच राहायचा, त्यानेच तो ठरलेल्या लोकोपयोगी कामावर खर्च करायचा आणि हिशोब कळवायचा. पैशाचा मालक असलेल्याने विश्वस्त व्हावं, ही गांधीजींची कल्पना त्यांनी अशी व्यवहारात आणायचा प्रयत्न केला.

पहाटे तीनला उठणं, दिवसाला दहा-बारा मैल चालणं, पोटाचा जुना आजार, जेवण म्हणजे मुख्यतः दूध-दही. सुरुवात केली तेव्हा वय ५५. अशी तेरा वर्षं ते देशभर चालले. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मंगरोठ गावाने सगळी जमीनच गावाच्या नावे करायचं ठरवलं आणि ग्रामदानाची सुरुवात झाली. बिहारमध्ये विनोबा दोन वर्षांहून जास्त काळ फिरले. तिथं रामगढच्या राजासारख्यांनी लाखाहून अधिक एकर देऊ केले. १९५४ साली बोधगयेला जयप्रकाश नारायण यांनी उरलेलं आयुष्य या कामाला वाहिलं. १९५८ साली विनोबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६० मध्ये चंबळ खोऱ्यातल्या डाकूंनी त्यांच्यासमोर हत्यारं खाली ठेवली.

कागदावरची जमीन

आता दुसरी बाजू. विनोबांनी १९५७ पर्यंत देशभरातून ५ कोटी एकरांचं लक्ष्य ठेवलं होतं. जाहीर झाली ती सुमारे ४२ लाख एकर. म्हणजे मागितलेल्या दहा एकरांत एक एकरही पूर्ण नाही.

शिवाय जी मिळाली त्यातली पुष्कळ जमीन खडकाळ, जंगलातली, नदीपात्रातली किंवा आधीच कोर्टात अडकलेली निघाली. काहींनी सभेत टाळ्या घेतल्या आणि घरी गेल्यावर मन बदललं. कुठे दानपत्र झालं, पण दप्तरी नोंद झाली नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा जुन्याच नावावर राहिला. भूमिहीनाच्या हातात कागद आला, पण वहिवाट मिळाली नाही. नांगराला बैल, बियाणं, विहीर हे तर पुढचेच प्रश्न. पुढे ग्रामदानाचे आकडे लाखावर गेले, मात्र त्यातली बहुतेक गावं कागदावरच राहिली.

जमीनदारांना कायद्याच्या कचाट्यातून सुटायला भूदानाने वाट करून दिली, असा आरोप डाव्या पक्षांनी केला. त्यात तथ्य नव्हतं असं म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ साली झाला. पळवाटा त्यातही शोधल्या गेल्याच. पण कायदा निदान सर्वांना सारखा लागतो, मनाचा मोठेपणा ज्याच्या त्याच्यावर असतो.

तरीही भूदान फसलं म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. लाखो एकर जमीन खरोखर वाटली गेली आणि अनेक घरांची चूल त्यावर पेटली. पोचमपल्ली आज भूदान पोचमपल्ली नावाने ओळखली जाते. आपल्याकडे महाराष्ट्र ग्रामदान कायदा १९६४ सालचा. त्याच कायद्याखाली गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव २०१३ मध्ये ग्रामदान गाव म्हणून जाहीर झालं. विनोबांच्या मागे तीस वर्षांनी!

पदयात्रा संपवून विनोबा १९६४ साली पवनारला परतले. आणीबाणीच्या काळातल्या त्यांच्या भूमिकेवर बरीच टीका झाली. १९८२ च्या नोव्हेंबरात प्रकृती बिघडल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडलं. ऐन दिवाळीत, १५ नोव्हेंबरला पवनारमध्ये त्यांनी देह ठेवला. १९८३ साली मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नसलेल्या माणसाने देशाकडून लाखो एकर मागून घेतले, ही गोष्ट लहान नाही. श्रीमंत माणूसही देऊ शकतो, हे पोचमपल्लीने दाखवलं. आणि नुसतं त्याच्या मर्जीवर सोडलं तर खडकाळ तेवढं वाट्याला येतं, हे पुढच्या वर्षांनी दाखवलं. मंदिराच्या कळसाला मोठी वर्गणी, सप्त्याला अन्नदान, निवडणुकीत गावजेवण हे सगळीकडे चालतं. पण ज्याच्या शेतात वर्षभर मजूर राबतात, त्याने मजुरांच्या मुलांच्या शाळेसाठी, वस्तीच्या पाण्यासाठी, घराच्या जागेसाठी मिळकतीतला किती हिस्सा द्यायचा, हा हिशोब ग्रामसभेत क्वचितच निघतो. विनोबांनी सहावा हिस्सा सांगितला होता. आकडा कमी-जास्त होऊ शकेल, पण तो आकडा चारचौघांत मांडायला तर हवा.